रेप्लिकेशन की स्नॅपशॉट? स्टोरेजच्या कामात नव्यानं उतरणाऱ्यांसाठी

"रेप्लिकेशन चालू असताना वेगळा बॅकअप कशाला?" स्टोरेज किंवा बॅकअप ॲडमिनच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो, मग मुलाखत पुण्याला असो नाहीतर बेंगळुरूला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडून जाणारी पोरं व्याख्या तोंडपाठ करून जातात आणि नेमकी इथंच अडखळतात. कुठली आपत्ती आली की कुठली प्रत कामाला येते, हे उमेदवाराला कळलंय का, एवढंच समोरचा बघत असतो.

रेप्लिकेशन म्हणजे इथं लिहिलेलं पलीकडंही लिहिणं. इमारत गेली, स्टोरेज जळालं, तर पलीकडची प्रत तयार असते. पण कुणी चुकून टेबल पुसलं, तर ते पुसणंही तितक्याच इमानदारीनं पलीकडं पोचतं, बहुतेक वेळा सेकंदाच्या आत. स्नॅपशॉट म्हणजे डेटाचं एका क्षणाला गोठवलेलं रूप. पुसलेलं टेबल त्यातून परत मिळतं. मात्र तो सहसा मूळ डेटाच्याच डिस्कवर बसलेला असतो, म्हणजे घराला आग लागली की घराचा फोटोही घरातच जळतो. बॅकअप ही तिसरी गोष्ट: वेगळ्या जागी, वेगळ्या माध्यमावर, वेगळ्या पासवर्डाआड ठेवलेली प्रत.

हा फरक समजून घ्यायला गिटलॅबची (प्रोग्रामचा कोड साठवणारी वेबसेवा) ३१ जानेवारी २०१७ ची घटना पुरेशी आहे. कंपनीनं ती स्वतःच जाहीर केली, त्यामुळं तपशील उघड आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसचा दुय्यम, म्हणजे प्रत ठेवणारा, सर्व्हर मागं पडला होता. तो पुन्हा जोडताना इंजिनिअरनं दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसायची आज्ञा दिली, पण ती चालली मुख्य सर्व्हरवर. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचारच जीबी उरले होते. रोजचा डंप (डेटाबेसची फाईलमध्ये उतरवलेली प्रत) घेणारी आज्ञा पोस्टग्रेस ९.६ च्या डेटाबेसवर ९.२ ची आवृत्ती वापरत असल्यानं कधीपासून फसत होती. फसल्याच्या ई-मेल सूचना पाठवणाऱ्याच्या पडताळणीत अडकून परत जात होत्या. वाचवलं ते एका एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी लिनक्समधली सोय) स्नॅपशॉटनं, जो एका इंजिनिअरनं चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हातानं घेतला होता. तेवढ्या सहा तासांचा डेटा गेलाच, आणि संथ डिस्कवरून कॉपी व्हायला पाऊण दिवस गेला. मुलाखतीत ही घटना नीट सांगता आली, तर निम्मं काम झालं समजा.

आधी आकडे, मग यंत्र

नवखा माणूस थेट कंपन्यांच्या नावांवर उडी मारतो. त्याआधी दोन आकडे काढायचे. आरपीओ, म्हणजे किती वेळाचा डेटा गेला तर चालेल. आणि आरटीओ, म्हणजे काम पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला तर चालेल. (आरटीओ म्हटलं की गाडीचं पासिंग आठवतं, त्याला इलाज नाही.)

हे आकडे कामाच्या पद्धतीतून निघतात. साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. गाळप चालू असताना काटा रात्रंदिवस चालतो आणि प्रत्येक गाडीची छापील पावती निघते. पंधरा मिनिटांचा डेटा गेला तर पावत्या बघून पुन्हा भरता येतो. पण काटा दोन तास बंद पडला तर ट्रॅक्टरांची रांग थेट रस्त्यावर येते. म्हणजे इथं आरपीओ सैल आणि आरटीओ कडक.

पतसंस्थेत उलटं. संध्याकाळी पिग्मी एजंट येतात, मशीन लावून दिवसाची वसुली सर्व्हरवर उतरवतात, आणि दुसऱ्या दिवसासाठी मशीन रिकामं होतं. त्या क्षणापासून ती नोंद फक्त सर्व्हरवर. काउंटर तासभर बंद राहिलं तर लोक कुरकुरतील, पण नोंदच गेली तर खातेदाराला तोंड दाखवता येणार नाही. इथं मोठा खर्च न करताही एक साधी शिस्त बसवता येते: सर्व्हरवर उतरलेल्या नोंदी दुसऱ्या प्रतीत पोचल्याची खात्री झाल्याशिवाय मशीन रिकामं करायचं नाही.

अंतराचा हिशेब

सिंक्रोनस रेप्लिकेशनमध्ये पलीकडून "लिहिलं" असा निरोप आल्याशिवाय डेटाबेसला पुढं जाता येत नाही. म्हणून डेटा एक कणही जात नाही, पण प्रत्येक लेखनाला वाट बघावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. बेळगाव-हुबळी अंतर जवळपास तेवढंच. बेंगळुरू ५०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किमान ५ मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही आणि वाटेतली उपकरणंही वेळ खातात, त्यामुळं प्रत्यक्षात आकडा जास्तच येतो.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. आता व्याज आकारणीचं काम धरा: २ लाख खाती, प्रत्येकाला एक कमिट (नोंद पक्की करणं), एकामागून एक. स्थानिक डिस्कवर अर्ध्या मिलिसेकंदात कमिट झाला तर १०० सेकंद. हुबळीला सिंक्रोनस जोडलं की ३०० सेकंद. बेंगळुरूला जोडलं की ११००, म्हणजे अठरा मिनिटं. हजार-हजार नोंदींचा एक कमिट करून प्रोग्राम बदलला तर ही वाट बघणं जवळजवळ नाहीसं होतं, पण पॅकेज विकणारा तो बदल करून देईलच असं नाही. म्हणून लांबच्या जागेसाठी असिंक्रोनस, म्हणजे पलीकडच्या निरोपाची वाट न बघणारं रेप्लिकेशनच घेतात आणि काही सेकंद-मिनिटांचं नुकसान मान्य करतात.

दुसरी जागा निवडताना नकाशाबरोबर नद्याही बघायच्या. निपाणी-चिकोडीकडच्या संस्थांना कोल्हापूर जवळचं आणि आपलं वाटतं. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरानं कोल्हापूरजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता, आणि त्याच पावसात कृष्णाकाठ, घटप्रभाकाठही पाण्यात होता. एकाच पुरात दोन्ही जागा अडकणार असतील तर ती दुसरी जागा कागदावरचीच. त्यापेक्षा हुबळी-धारवाड किंवा बेंगळुरू बरं.

लाईन किती जाडीची?

इथं सरासरी फसवते. शाखा वाढलेल्या एका संस्थेत दिवसाला ४० जीबी बदल होतो आणि लाईन २० एमबीपीएसची (सेकंदाला २० मेगाबिट) आहे असं धरा. ४० जीबी पाठवायला साडेचार तास लागतील, म्हणजे दिवसात आरामात बसतं. पण त्यातले १५ जीबी संध्याकाळच्या एकाच तासात बदलत असतील, तर त्या तासाला ३३ एमबीपीएस लागतात. तास संपताना ६ जीबी मागं उरलेले असतात आणि ते भरून निघायला आणखी ४० मिनिटं. कागदावर आरपीओ पंधरा मिनिटं लिहिला असेल, तर तो रोज संध्याकाळी मोडतोय आणि कुणाला पत्ता नाही.

पहिली पूर्ण प्रत तर लाईनवरून पाठवूच नये. ४ टीबी डेटा २० एमबीपीएसवरून जायला साडेअठरा दिवस लागतात. डिस्कवर एन्क्रिप्ट करून घ्या, गाडीनं दोन तासांत हुबळी गाठा, तिथं उतरवा आणि नंतर फक्त बदल पाठवा.

यंत्रांची घराणी

स्टोरेजच्या पातळीवर डेलचं एसआरडीएफ, नेटॲपचं स्नॅपमिरर, हिताचीचं ट्रूकॉपी (सिंक्रोनस) आणि युनिव्हर्सल रेप्लिकेटर (असिंक्रोनस), आयबीएमचं मेट्रो मिरर आणि ग्लोबल मिरर. सर्व्हरवर भार पडत नाही, पण सहसा दोन्ही टोकांना एकाच कंपनीचा माल लागतो, आणि खर्चाचं पारडं इथंच झुकतं. व्हर्च्युअल मशीनच्या (एका सर्व्हरच्या पोटात चालणारा आभासी सर्व्हर) पातळीवर व्हीएमवेअरचं रेप्लिकेशन, झर्टो, वीम: खाली कुठलंही स्टोरेज चालतं. झर्टो जर्नल (बदलांची क्रमवार नोंद) ठेवतं, त्यामुळं काही सेकंद आधीच्या क्षणालाही परत जाता येतं. डेटाबेसच्या पातळीवर ओरॅकल डेटा गार्ड, पोस्टग्रेसचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन. लहान संस्थेला बहुतेक वेळा हेच पुरतं, आणि पोस्टग्रेस तर शिकायला फुकट.

लॅपटॉपवर करून बघायचं

१६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये २-२ जीबीची दोन लिनक्स मशीन उभी करा. पहिलीला १० जीबीची जादा डिस्क द्या, तिच्यावर एलव्हीएमचा व्हॉल्यूम ग्रुप (वाटून द्यायची एकत्र जागा), त्यात ४ जीबीचा डेटा व्हॉल्यूम आणि त्याचा ५०० एमबीचा स्नॅपशॉट. आता मूळ व्हॉल्यूमवर ६०० एमबीची फाईल लिहा आणि "एलव्हीएस" आज्ञेत डेटा टक्क्यांचा रकाना बघत राहा. शंभरला पोचला की स्नॅपशॉट कायमचा बाद होतो. जुनी फाईल तर बदललीच नव्हती, मग कसा भरला? कारण एलव्हीएमला फाईली दिसत नाहीत, ब्लॉक दिसतात. मोकळ्या जागेतला ब्लॉक बदलला तरी एलव्हीएम जुना ब्लॉक आधी स्नॅपशॉटमध्ये उचलून ठेवतो. स्नॅपशॉट आपोआप वाढवायची सोय एलव्हीएमच्या कॉन्फिग फाईलमध्ये असते, पण तिची मूळ मर्यादा १०० टक्क्यांवर, म्हणजे बंद असते. ती ७० करा, वाढ २० टक्के ठेवा, आणि व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा आहे ना ते बघा. फाईलसिस्टम एक्सएफएस असेल आणि मूळ व्हॉल्यूम माउंट (वापरासाठी जोडलेला) असताना स्नॅपशॉट माउंट करायचा असेल, तर "नोयूयूआयडी" पर्याय द्यावा लागतो. दोघांची ओळख एकच असते म्हणून नुसतं माउंट नाकारलं जातं, आणि नवखा माणूस स्नॅपशॉटच खराब झाला समजून तो काढून टाकतो.

व्हीएमवेअरच्या स्नॅपशॉटचंही तसंच. कंपनीचा सल्ला ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, साखळीत दोन-तीनच ठेवा असा आहे. मर्यादा ३२ ची आहे म्हणून ३२ ठेवायचे नसतात. विसरलेला स्नॅपशॉट वाढत वाढत डेटास्टोअर (सगळ्या मशीनच्या फाईली ठेवायची जागा) भरतो, आणि सकाळी सगळी मशीन थांबलेली सापडतात.

दुसऱ्या मशीनवर पोस्टग्रेसची प्रतिकृती जोडा. मुख्यवर टेबल काढा, पलीकडं बघा: गेलेलं असेल. मग प्रतिकृतीवर बदल लागू करायला मुद्दाम एक तासाची दिरंगाई लावा आणि तेच पुन्हा करा. आता तासभर वाचवायची संधी मिळते. शेवटी रेप्लिकेशन स्लॉट (प्रतिकृतीनं कुठवर घेतलं त्याची मुख्य सर्व्हरवरची खूण) बनवून दुसरी मशीन बंद ठेवा आणि मुख्यवर भरपूर लिहीत राहा. पलीकडच्यानं घेतलेलं नाही म्हणून मुख्य सर्व्हर जुने लॉग (बदलांच्या नोंदी) साठवत बसतो, डिस्क भरते आणि मुख्य डेटाबेसच थांबतो. पलीकडच्या शाखेत दोन दिवस लाईट नसेल तर प्रत्यक्षात घडतं ते हेच. आवृत्ती १३ पासून स्लॉटसाठी किती लॉग राखायचे त्यावर मर्यादा घालता येते. ती घालाच.

रिस्टोअर होतं, पण वाचता येत नाही

डेटा फाईली एका डिस्कवर आणि लॉग दुसऱ्यावर असतील, तर दोन्हींचा स्नॅपशॉट एकाच क्षणी घ्यायला हवा. दोन सेकंदांचं अंतर पडलं तरी डेटाबेस उघडायला नकार देऊ शकतो. स्टोरेजमध्ये यासाठी कन्सिस्टन्सी ग्रुप असतो. विंडोजवर व्हीएसएस ही स्नॅपशॉटची सोय डेटाबेसला क्षणभर थांबवते. "व्हीएसएसॲडमिन"नं रायटरची (डेटाबेससारख्या प्रोग्रामचा व्हीएसएसशी बोलणारा भाग) यादी काढल्यावर एखादा रायटर फसलेला दिसला, तर बॅकअपच्या हिरव्या खुणेवर विसंबू नका.

आपल्या सीमाभागातली खास अडचण वेगळीच. जुन्या पॅकेजांत खातेदारांची नावं युनिकोडमध्ये नसतात. मराठी श्रीलिपीत, कन्नड नुडीत. डेटा नव्या सर्व्हरवर अगदी बरोबर उतरतो आणि पासबुकावर "üÖê" असली अक्षरं उमटतात, कारण फॉन्ट कुणी बॅकअपमध्ये घेतलेलाच नसतो. युनिकोड असूनही स्क्रिप्टनं डेटा हलवताना रकाना साध्या व्हारचारचा (युनिकोड न मावणाऱ्या प्रकारचा) राहिला, तर सगळी नावं प्रश्नचिन्हांची होतात, आणि ती परत फिरवता येत नाहीत. म्हणून बॅकअपच्या यादीत फॉन्ट, प्रिंटरचे साचे, लायसन्सच्या फाईली आणि कोलेशनची (डेटाबेस अक्षरं कशी लावतो त्याचा नियम) नोंद लिहून ठेवायची.

रॅन्समवेअर, म्हणजे फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आला, तर साधी रेप्लिका उपयोगाची नाही, तीही कुलूपबंद होते. ॲडमिनचा पासवर्ड चोराच्या हाती असेल तर तो स्नॅपशॉटही आधी पुसतो. इथं ठरलेल्या मुदतीपर्यंत कुणालाच पुसता न येणारी प्रत लागते, किंवा कपाटात ठेवलेली टेप. एक खूण मात्र लक्षात ठेवा: रोज २ टक्क्यांनी वाढणारा स्नॅपशॉट एका रात्रीत ४० टक्क्यांवर गेला, तर मोठं काम चाललं असेल किंवा कुणीतरी फाईली एन्क्रिप्ट करतंय. आधी दुसरी शक्यता तपासा.

बायोडेटात "बॅकअपचं ज्ञान" असं मोघम लिहिण्यापेक्षा वरच्या प्रयोगांची वही ठेवा: तारीख, किती जीबी, रिस्टोअर किती वाजता सुरू, किती वाजता पहिला लॉगिन, नोंदींची संख्या जुळली का, काय अडलं. "बॅकअप आहे का?" विचारल्यावर "आहे की!" म्हणणारे पुष्कळ भेटतात. ४ जीबी परत आणायला मला अकरा मिनिटं लागली आणि त्यातली सात पासवर्ड शोधण्यात गेली, असं वही उघडून दाखवणाऱ्याला पुढचा प्रश्न पगाराचा विचारतात.