टाकाऊतून टिकाऊ: पण टिकत का नाही? या चुका टाळा

रंगवलेल्या काचेच्या बाटलीचा रंग नखाने सोलला जातो. सुतळी गुंडाळलेल्या बरणीवर श्रावणात काळे ठिपके येतात. पुठ्ठ्याची फ्रेम भिंतीवर लावल्यावर चार दिवसांत वाकते. असं झालं की "हात बसलेला नाही" म्हणून आपण सोडून देतो. खरं तर हाताचा दोष क्वचितच असतो. वस्तू नीट धुतलेली नसते, वाळायला वेळ दिलेला नसतो किंवा गोंद चुकीचा असतो. बिघाड दिसतो शेवटी, पण तो झालेला असतो पहिल्या अर्ध्या तासात.

काचेची बाटली

लेबल खरवडून काढू नका. कागद निघतो, पण खालचा चिकट थर काचेवरच राहतो आणि पुढे रंग तिथूनच सुटतो. कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा टाकून बाटली अर्धा तास बुडवून ठेवा. लेबल सरकवून काढा. उरलेल्या चिकट भागावर खोबरेल तेल आणि सोडा समप्रमाणात कालवून लावा, पंधरा मिनिटांनी जुन्या स्क्रबरने घासा. आता काचेवर तेल आलंय, हे विसरू नका. बरेचजण इथेच थांबतात. भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवा, वाळवा आणि शेवटी कापसावर सर्जिकल स्पिरिट घेऊन पुसा. त्यानंतर बाटली फक्त तोंडाशी धरायची. बोटांचं तेलही रंगाला नको असतं.

काच गुळगुळीत असते आणि काहीच शोषत नाही. ॲक्रिलिक रंगाला तिथे पकड मिळत नाही. म्हणून ४०० नंबरच्या वॉटर पेपरने (ओला करून वापरायचा पॉलिश पेपर) पाण्याखाली बाटली हलकेच घासा, काच किंचित धुरकट दिसली की पुरे. मग जेसो (रंगाला पकड देणारा पांढरा अस्तर-थर) किंवा पांढऱ्या प्रायमरचा पातळ हात द्या, तोही ब्रशने ओढून नाही, तर स्पंजच्या तुकड्याने टिपत. ब्रश पहिला थर खरवडून नेतो आणि पट्टे उमटतात. दोन हातांमध्ये उन्हाळ्यात तासभर, पावसाळ्यात किमान तीन-चार तास थांबा. वरून कोरडा वाटणारा रंग आतून ओला असतो. त्यावर दुसरा हात फिरवला की पहिलाही गोळा होऊन निघतो. रंगवून झाल्यावर आठवडाभर बाटली धुवायची नाही.

रंग एका जागी सुटला तर तेवढ्यावर ठिगळ लावू नका, शेजारचाही सुटणारच आहे. गरम पाण्यात बुडवून सगळा रंग काढा आणि स्पिरिटपासून पुन्हा सुरू करा. बाटलीत मनी प्लांट लावणार असाल तर तोंडाजवळची दोन सेंटिमीटर पट्टी न रंगवता सोडा. पाणी बदलताना सगळे ओघळ तिथेच येतात.

दोरा, ॲसिटोन आणि काडेपेटीने बाटली कापण्याचे व्हिडिओ पाहून मोह होतो. चीर सरळ जाईल याची खात्री नसते, जाड-पातळ काचेत ती हमखास वाकडी जाते आणि कापलेली धार ब्लेडइतकी तीक्ष्ण असते. घरच्या सजावटीसाठी हा उद्योग टाळलेला बरा. आत दिव्यांची माळ सोडायची असेल तर बॅटरीवर चालणारी बारीक एलईडी माळ तोंडातूनच जाते.

सुतळी संपते अधेमधे

आधी हिशोब करा. बाटलीचा व्यास ७.५ सेंमी असेल तर घेर साधारण २३.५ सेंमी. गुंडाळायची उंची २० सेंमी आणि सुतळी ३ मिमी जाड असेल तर जवळपास ६७ वेढे बसतात, म्हणजे १५.७ मीटर. दहा टक्के जास्त धरून १७ मीटर घ्या. मधे गाठ आली तर ती मागच्या बाजूला घ्यावी लागते आणि वेढ्यांची ओळ तिथे उचलली जाते.

पूर्ण बाटलीला एकदम गोंद फासू नका. दोन-दोन सेंटिमीटरचा पट्टा लावा, गुंडाळा, पुढे जा. पहिला आणि शेवटचा वेढा फेव्हिबाँडने (रबरी गोंद) बसवा, कारण ओढ तिथेच बसते. काळे ठिपके ही बुरशी आहे. ताग दमट हवेत पाणी धरून ठेवतो, त्यामुळे सुतळीच्या वस्तू न्हाणीघरात किंवा ओल आलेल्या भिंतीजवळ ठेवायच्याच नाहीत. ठिपके आले तर उन्हात खडखडीत वाळवून कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने पुसलंत तर ते पसरतील.

कुठे कोणता गोंद

सर्वांत जास्त वस्तू इथे फसतात. घरात फेव्हिकॉल असतो म्हणून सगळीकडे फेव्हिकॉल लावला जातो. पांढरा गोंद त्यातलं पाणी उडून गेल्यावर धरतो. कागद, लाकूड, कापड, पुठ्ठा हे पाणी शोषून घेतात, म्हणून तिथे तो उत्तम. काचेवर काच किंवा पत्र्यावर प्लास्टिक चिकटवलं तर पाण्याला बाहेर पडायला वाटच नसते. दोन दिवसांनी उघडून पाहा, मधला गोंद अजून पांढराच असतो. दोनपैकी किमान एक वस्तू शोषणारी हवी, एवढं ध्यानात ठेवा. आणि साधा फेव्हिकॉल वाळल्यावरही पाण्याने मऊ पडतो, म्हणून गॅलरीतल्या वस्तूंना तो नको.

काच, पत्रा, प्लास्टिक एकमेकांना जोडायचं असेल तर फेव्हिबाँड वापरा. दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि बोटाला चिकटतोय पण तार सुटत नाही अशा अवस्थेला आला की दाबा. लावल्या लावल्या दाबणं ही नेहमीची चूक. वजन पेलायचं असेल, उदाहरणार्थ बाटलीच्या मागे हूक, तर अराल्डाइट, म्हणजे दोन ट्यूब मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद. दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीची रेघ काढा आणि एक रंग होईपर्यंत घोटा. प्रमाण चुकलं तर तो कायम चिकटच राहतो.

फेव्हिक्विकबद्दल दोन गोष्टी. तो थर्माकोल खाऊन टाकतो, आणि आरसे किंवा चकचकीत टिकल्यांभोवती पांढरी धुरकट कड सोडतो. शिवाय सुती कापडावर किंवा कापसावर तो सांडला तर झपाट्याने तापतो, बोटं भाजतात. सुती कपड्याने तो पुसायला जाऊ नका.

ग्लू गन झटपट असते, पण थंड काचेवर किंवा पत्र्यावर गरम गोंद लगेच गोठतो आणि पापुद्र्यासारखा अखंड निघून येतो. पृष्ठभाग आधी हेअर ड्रायरने कोमट करा. उन्हाच्या खिडकीत टांगायच्या वस्तूला मात्र हा गोंद नकोच, मे महिन्यात तो मऊ पडतो. ग्लू स्टिक साधारण ७ आणि ११ मिमी अशा दोन जाडीत मिळतात. आपल्या गनची पाहून घ्या, नाहीतर आख्खं पाकीट पडून राहतं.

जुन्या बांगड्यांचं तोरण करताना बांगडीला बांगडी चिकटवतात आणि ती टांगल्यावर तुटते. गोलाला गोल एका बिंदूवरच टेकतो, तिथे कुठलाच गोंद फार काळ टिकत नाही. बांगड्यांना आधी लोकरीचा दोरा गुंडाळा आणि सुईने दोऱ्याला दोरा शिवून घ्या.

पत्र्याचे डबे

दूध पावडर, तूप, रंग यांचे डबे कुंडीसाठी घेतले जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात बुडाला गंज चढतो. आधी लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंडी पत्रा आहे, गंजणार. गंज असेल तर १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. धूळ पुसून रेड ऑक्साइड प्रायमरचा एक हात, रात्रभर वाळू द्या, नंतर ऑइल पेंटचे दोन पातळ हात. ॲक्रिलिक थेट पत्र्यावर लावलात तर गंज आतून रंग उचलतो.

भोकं पाडताना डबा उपडा करून बाहेरून खिळा ठोकला की पत्र्याचा काठ आत वळतो. त्या उंचवट्यामागे पाणी साचतं आणि मुळं कुजतात. आखूड डब्याला आतून, खाली लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. उंच डब्यात हात पोचत नसेल तर बाहेरूनच ठोका, पण बुडाच्या अगदी लगत बाजूच्या भिंतीलाही तीन भोकं पाडा. कडा पक्कडीने दाबून घ्या. झाड थेट मातीसकट लावण्याऐवजी छोट्या प्लास्टिक कुंडीत लावून ती डब्यात ठेवली तर डबा जास्त टिकतो.

पुठ्ठा आणि रद्दी

महाराष्ट्रात २०१८ मध्ये सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली आणि गणपतीच्या मखरासाठी पुठ्ठा पुढे आला. पुठ्ठ्याच्या आत नागमोडी नळ्या असतात. त्या उभ्या राहतील असा तुकडा कापा. आडव्या ठेवल्या तर खांब मधेच दुमडतो. कापताना जोर लावून एकदाच कटर फिरवू नका, हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा, धार फाटणार नाही.

रंगवल्यावर पुठ्ठा वाकतो, कारण एकच बाजू ओली होऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. मागच्या बाजूलाही तेवढाच पातळ हात द्या आणि अर्धवट वाळल्यावर सपाट जागी पुस्तकांच्या वजनाखाली ठेवा. आधीच वाकला असेल तर पोकळ बाजू किंचित ओलसर करून तसाच दाबा. मखरात किंवा आकाशकंदिलात तापणारा बल्ब नको, ३ ते ५ वॅटचा एलईडी पुरतो.

कागद चिकटवताना फुगे येतात तेव्हा बहुतेकदा गोंद घट्ट असतो. दोन भाग फेव्हिकॉल, एक भाग पाणी घ्या आणि कागद मधून कडेकडे दाबत न्या. नक्षीचा पेपर नॅपकिन वापरत असाल तर मागचे पांढरे पापुद्रे वेगळे करा, फक्त छापील थर लावा. इंकजेटची छपाई ओल्या गोंदाने पसरते. त्याऐवजी झेरॉक्स किंवा लेझर प्रिंट घ्या. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण झुरळं आणि कसर तिच्यावर येतात. पुस्तकबांधणीवाले म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात. ते विषारी आहे, लहान मुलं हाताळणार असतील तिथे नको.

साडीचे अभ्रे

जुन्या रेशमी साडीचं कापड घडीच्या रेषेवर विरलेलं असतं. उजेडासमोर धरून पाहा आणि ती जागा सोडून कापा. मागे सुती अस्तर हवंच, पण ते आधी धुऊन आटवलेलं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आखडतं आणि साडीला चुण्या पडतात.

१६ इंची उशीसाठी पुढचा तुकडा १७ गुणिले १७ इंच. मागे चेन नको असेल तर १७ गुणिले साडेअकरा इंचाचे दोन तुकडे घ्या, प्रत्येकाची एक लांब कड एक इंच दुमडून शिवा. दोन्ही एकमेकांवर चार इंच चढतात आणि उशी बाहेर डोकावत नाही. हे माप कमी केलं की तोंड फाकतं, आणि लोक बटणं लावत बसतात.

करवंटीत पणती?

नाही. करवंटी हे सरपण आहे, चांगलं पेटतं. वात तिच्यात थेट लावू नका. शोभेसाठी ठेवायचीच असेल तर आतलं खोबरं पूर्ण खरवडा, नाहीतर बुरशी येते, ८०, १२० आणि २२० नंबरच्या पेपरने घासून वरून खोबरेल तेलाचा पुसट हात द्या आणि आत बॅटरीचा दिवा ठेवा.

भिंतीवर टांगताना

डिस्टेंपरच्या भिंतीवर दुहेरी टेप लावला तर काढताना रंगाची खपली त्याबरोबर येते. जड वस्तूला खिळा, हलक्या पुठ्ठ्याच्या वस्तूला छोटी टाचणी. टेप आधीच लावलेला असेल तर खेचू नका. हेअर ड्रायरने अर्धा मिनिट गरम करून भिंतीला समांतर, खालच्या दिशेने हळूहळू सोलून काढा.