सॉल्व्हंट चढलं तर: पहिल्या तासाचं काम

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला पेंट बूथ असो, नंदेसरीतला रसायनांचा रिॲक्टर असो की गल्लीतलं फर्निचर पॉलिशचं वर्कशॉप, सॉल्व्हंटची, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवाची वाफ चढायला लागल्याची चिन्हं सगळीकडे सारखीच. माणूस उगाच हसतो, शब्द अडखळतात, डोकं ठणकतं, पाय लटपटतात. बरोबरचे म्हणतात, "आज टाकून आलाय वाटतं." वडोदऱ्यात हा संशय जास्तच महाग पडतो. दारूबंदीचं राज्य, उगाच बोभाटा नको म्हणून त्याला कोपऱ्यात आडवा करून ठेवतात आणि झोप समजून ज्याकडे दुर्लक्ष होतं ती बेशुद्धी असते. सॉल्व्हंटजवळ काम करणारा झिंगल्यासारखा वागला तर आधी विषबाधाच धरायची. दारू निघाली तर निघाली, नुकसान काही नाही.

टाकीत पडलेल्याला काढताना

सगळ्यात जास्त जीव इथे जातात, आणि पडलेल्यापेक्षा धावून गेलेल्यांचे जास्त. कामगारांच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९८६ साली नोंदवलंय की बंदिस्त जागेत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले होते. कारण साधं आहे. थिनरमध्ये असणाऱ्या टोल्यूईनची वाफ हवेच्या तिप्पट जड, एमडीसीची म्हणजे डायक्लोरोमिथेनची जवळजवळ तेवढीच. मॅनहोलशी तोंड नेलं तर विशेष काही जाणवत नाही, कारण वाफ तळाशी साठलेली असते. उतरणारा वाकून मित्राच्या काखेत हात घालतो आणि तिथेच कोसळतो. एमडीसी ४० अंशांना उकळतं आणि मे महिन्यात बडोद्याचा पारा त्याच्या वर असतो, हेही विसरू नका.

म्हणून आधी आरडाओरडा करून माणसं जमवा, १०८ लावा, टाकीकडे येणारे व्हॉल्व्ह बंद करा. फ्लेमप्रूफ (ठिणगीने बाहेरची वाफ पेटू न देणारा) ब्लोअर असेल तर त्याचा पाइप तळापासून हातभर वर येईल इतका खाली सोडा. वरच्या वर हवा फिरवून उपयोग नाही. साधा टेबल फॅन किंवा हॅलोजनचा दिवा आणू नका. टोल्यूईनची वाफ हवेत सव्वा टक्क्याच्या आसपास असली तरी ठिणगीने पेट घेते.

उतरायचंच तर पाठीवर हवेचं सिलिंडर असलेला ब्रीदिंग सेट, बेल्ट, आणि बेल्टला दोर. दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात. हे १९४८च्या कारखाना कायद्यातल्या कलम ३६ मध्येच होतं. नाकाला ओला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. काडतुसाचा मास्कही इथे चालत नाही: काडतूस वाफ शोषतं, ऑक्सिजन तयार करत नाही, आणि टाकीतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली गेला असेल तर मास्क लावूनही माणूस पडू शकतो. एमडीसी तर त्या काडतुसातून लवकरच पार होतं. सेट नसेल तर अग्निशमन दलाची वाट बघायची. बाहेर उभं राहणं किती जड जातं हे कळतं, पण दुसरा उतरला तर काढायची माणसं दोन होतात.

बाहेर काढल्यावर

वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. कपडे ओढून काढू नका, कात्रीने कापा. भिजलेला शर्ट डोक्यावरून काढला तर तोच द्रव डोळ्यांत, तोंडात जातो. कपडे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, नाहीतर बंद ॲम्ब्युलन्समध्ये तीच वाफ नर्स आणि ड्रायव्हरला लागते. अंगावर साबण आणि भरपूर साधं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून. अंगाचा रंग काढायला थिनरचा बोळा फिरवायची सवय इथे घातक आहे. डोळ्यांत गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून १५ ते २० मिनिटं पाण्याची धार, लेन्स असेल तर काढून.

श्वास चालू आणि शुद्ध हरपलेली असेल तर डाव्या कुशीवर. श्वास नसेल तर छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे २ श्वास. ओठांवर किंवा तोंडात सॉल्व्हंट असेल तर तोंडाने श्वास देऊ नका, बॅग-मास्क, म्हणजे हाताने दाबून हवा देणारी पिशवी वापरा. श्वास चालू असेल तर ऑक्सिजन पिशवीच्या मास्कने, मिनिटाला १० ते १५ लिटर. श्वास घेताना पिशवी पार चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय.

यानंतरची गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. टोल्यूईन, ट्रायक्लोरोइथिलीन, एमडीसी यांच्यामुळे हृदय ॲड्रेनलीनला, म्हणजे श्रमाने किंवा भीतीने शरीरात सुटणाऱ्या रसायनाला, नाजूक होतं. बरा वाटतोय म्हणून माणसाला चालवत गेटपर्यंत नेलं, कुणी त्याच्यावर ओरडलं, तेवढ्यानेही ठोके बिघडून तो जागीच जाऊ शकतो. स्ट्रेचरवरच न्या, शांत ठेवा. डॉक्टरांनाही सॉल्व्हंटचं नाव आधी सांगा: हृदय चालू असताना अशा रुग्णाला ॲड्रेनलीन शक्यतो टाळतात आणि ठोके बिघडले तर एस्मोलॉलसारखं बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनलीनचा परिणाम रोखणारं औषध वापरतात.

पोटात गेलं असेल तर

नळीने थिनर ओढताना घोट जाणं हा नेहमीचा प्रकार. उलटी करवू नका. मीठ-पाणी नाही, घशात बोट नाही, दूध नाही, छासही नाही. पातळ द्रव पोटात करतो त्याहून कितीतरी जास्त नुकसान फुप्फुसात करतो आणि उलटीच्या वेळी तो तिकडेच घुसतो. गूळ खाल्ला की थिनर उतरतं, ही समजूतही सोडा. खोकला, धाप, घशात घुरघुर यांवर लक्ष ठेवा. लक्षणं नसली तरी हॉस्पिटलात निदान ६ तास देखरेखीखाली राहू द्या. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी आणू नका, न्यूमोनियाचे डाग उशिरा दिसतात.

फसवणारी दोन

एमडीसीचं शरीरात कार्बन मोनॉक्साइड होतं, तेही सावकाश. कामगार बाहेर येऊन तास झाला तरी रक्तातलं प्रमाण वाढतच असतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखता येत नाही. त्या ९८ वर विसंबून मास्क काढू नका. रक्ताची को-ऑक्सिमेट्री, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड मोजणारी चाचणी मागा आणि पातळी उतरेपर्यंत शंभर टक्के ऑक्सिजन चालू ठेवायला सांगा.

मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल उलट वागतं. सुरुवातीला जरा झिंग, मग माणूस ठीक, आणि १२ ते २४ तासांनी पोटदुखी, धाप, डोळ्यांपुढे बर्फ पडल्यासारखं पांढरं. तोवर यकृताने त्याचं फॉर्मिक ॲसिड केलेलं असतं आणि तेच डोळ्याची नस जाळतं. २०२२च्या जुलैत गुजरातच्या बोटादमध्ये विषारी दारूने जे लोक गेले तेही मिथेनॉलनेच. ते त्वचेतून आणि श्वासातूनही आत जातं, म्हणून "प्यायलाच नाही" याने निश्चिंत होऊ नका. लक्षणं येण्याआधी उपचार सुरू झाला तर डोळे वाचायची आशा असते. उपाय म्हणजे फोमेपिझोल हे औषध, पहिला डोस वजनाच्या किलोमागे १५ मिलिग्रॅम, मग दर १२ तासांनी १०. ते नसेल तर हॉस्पिटलात मोजून दिलेलं इथेनॉल, म्हणजे दारूतलं अल्कोहोल. सोबत फोलिनिक ॲसिड, सोडा बायकार्ब, आणि गरज पडली तर डायलिसिस. म्हणून उतारा म्हणून दारूची बाटली आणून स्वतः पाजू नका. सयाजी हॉस्पिटल असो की खासगी, निघताना फोन करून डायलिसिस तयार आहे का ते विचारून घ्या.

सोबत द्यायची चिठ्ठी

"केमिकल" एवढंच कानावर पडलं तर डॉक्टर अंधारात चाचपडतात. ड्रमवरचं लेबल पुसलेलं असतं, थिनरच्या डब्यात काय मिसळलंय ते दुकानदारालाही नीट ठाऊक नसतं. म्हणून सुरक्षा पत्रकातला कॅस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक हवा: मिथेनॉल ६७-५६-१, टोल्यूईन १०८-८८-३, एमडीसी ७५-०९-२. चिठ्ठी अशी लिहा:

"एमडीसी, कॅस ७५-०९-२. दुपारी ३.१० ला टाकीत पडला, अंदाजे १२ मिनिटं आत. काढला तेव्हा बेशुद्ध, श्वास चालू. कपडे कापले, १५ मिनिटं धुतलं. ऑक्सिजन ३.३० पासून. उलटी एकदा."

ही चिठ्ठी रुग्णाच्या खिशात नको, त्याचे कपडे पिशवीत गेलेत. सोबत जाणाऱ्याच्या हातात द्या. डॉक्टरांना सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ वर चोवीस तास असतं.

कापावे न लागलेले कपडे धुऊन परत वापरता येतील, चामड्याचे बूट मात्र नाही. चामडं सॉल्व्हंट पिऊन ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी मोजा भिजला की पायातून तेच परत सुरू होतं. बूट फेकूनच द्या.