रीफ टँकला चुन्याची निवळी: मराठवाड्याच्या हवेत मात्रा कशी बसवायची

कोरलच्या (प्रवाळाच्या) खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) टिकवायला चुन्याची निवळी हा स्वस्त आणि समतोल उपाय आहे. कोरल सांगाडा बांधताना दोन्ही ज्या प्रमाणात ओढतं, त्याच प्रमाणात निवळी ते परत देते आणि मागे मीठ साचत नाही. मात्र ‘जेवढं पाणी उडालं तेवढी निवळी घाला’ हा नेहमीचा सल्ला मराठवाड्यात जशाच्या तसा चालत नाही. मे महिन्यात लातूर-नांदेडकडे पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी. टाकीतलं पाणी बघता बघता खाली जातं. पाऊस लागला की तीच टाकी त्याच्या निम्मंही पाणी उडवत नाही. कोरलची भूक अशी हवामानाबरोबर कमी-जास्त होत नाही. म्हणून मात्रा खपावर बसवायची. उडालेलं पाणी फक्त मर्यादा ठरवतं.

आधी खप मोजा

टाकी आधी जागेवर आणा: कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग), अल्कलिनिटी ७ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, क्षारता (मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटी (हजारात इतके भाग). निवळी असलेला तोल राखते, बिघडलेला तोल सुधारत नाही. अल्कलिनिटी कमी असेल तर खायचा सोडा वापरा (बेकिंग पावडर नव्हे): २०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला ६ ग्रॅम. कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट: २०० लिटरमध्ये १० पीपीएमला साधारण ७.३ ग्रॅम. दोन्ही वेगवेगळे विरघळवा आणि मध्ये काही तास जाऊ द्या. एकदम घातले तर पाण्यातच खडू तयार होतो. मॅग्नेशियम निवळीतून मिळत नाही. ते खाली गेलेलं असेल तर बाकीचे दोन आकडे कितीही घातलं तरी टिकत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा तपासा.

मग दोन दिवस काहीही न घालता रोज त्याच वेळी अल्कलिनिटी मोजा. समजा २०० लिटर पाण्याच्या टाकीत ती ८.४ वरून ६.८ वर आली, तर रोजचा खप ०.८ डीकेएच. संपृक्त निवळीची अल्कलिनिटी सुमारे ११४ डीकेएच असते. ०.८ ला २०० ने गुणा, ११४ ने भागा: रोज १.४ लिटर निवळी लागेल. टाकीचं माप काचेच्या मापावरून धरू नका; दगड आणि वाळू वजा करून खरं पाणी किती ते काढा. टाकीत नुसते मऊ कोरल असतील तर खप इतका कमी निघतो की वेळच्या वेळी पाणी बदललं तरी भागतं.

चुना आणि पाणी

पानाचा चुना नको, भिंतीचाही नको. त्यात काय मिसळलंय ते कळत नाही. चुनकळीला तर हातच लावू नये, ती पाण्यात पडली की उकळते. शाळा-कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणाऱ्या दुकानात कॅल्शियम हायड्रॉक्साइड मागा आणि लेबलवर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर आहे ना ते बघा. डबा हवाबंद ठेवा. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो, आणि खडू विरघळत नाही.

पाणी आरओ-डीआयचंच (आरओनंतर उरलेले क्षारही रेझिनने काढलेलं). बोअरचं किंवा टँकरचं पाणी इथे जड असतं. ते वापरलं तर चुना डब्यातच खाली बसतो आणि नको ते क्षार टाकीत जातात. स्वयंपाकघरातला आरओ बहुधा डीआयशिवाय असतो, वर त्यात चवीसाठी क्षार परत मिसळणारं कार्ट्रिज असू शकतं, ते बघून घ्या. आरओ बरंच पाणी बाहेर सोडतो. पाणीटंचाईच्या भागात ते वाया घालवायचं नाही: फरशी, भांडी, संडास यांना ते चालतं.

निवळी करणं आणि थेंब सोडणं

लिटरमागे २ ग्रॅम चुना घ्या. विरघळतो जेमतेम दीड ग्रॅम. उरलेला तळाशी राहतो म्हणून निवळी संपृक्त आहे याची खात्री असते. झाकणाच्या डब्यात हलवा, काही तास निवळू द्या. वर दुधावरच्या सायीसारखा पातळ पापुद्रा येतो, तो खडूचा. तो मोडू नका, ढवळत बसू नका. हवा जितकी मिसळेल तितकी निवळी पातळ होत जाते. कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर २५ अंशांना ताजी निवळी १०.३ मिलिसीमेन्सच्या आसपास दाखवते. आकडा बराच घसरला तर नवी करा.

थेंब सोडायला मेडिकलमधला सलाईनचा सेट उत्तम. पाकिटावर थेंबांचं माप छापलेलं असतं, बहुधा २० थेंबांना १ मिली. डब्याला तळापासून तीन-चार सेंटिमीटर वर भोक पाडून तिथे नळी बसवा, म्हणजे गाळ नळीत जात नाही. झाकणाला टाचणीएवढं छिद्र ठेवा, नाहीतर आत हवा न शिरल्याने थेंब थांबतात. नळीचं दुसरं टोक सम्पच्या (टाकीला जोडलेल्या खालच्या छोट्या टाकीच्या) पाण्याच्या वर लटकवा. ते पाण्यात बुडालं तर तोंडावर खडू लवकर बसतो.

१.४ लिटर निवळी रात्री नऊ ते सकाळी सातपर्यंत द्यायची तर मिनिटाला सुमारे ४७ थेंब बसतात. रात्रच का, तर दिवे बंद असताना टाकीचा पीएच खाली जातो आणि निवळी तो सावरते. डब्यातली पातळी उतरली की थेंब मंदावतात, तेव्हा झोपण्याआधी एकदा मोजून सेटचं चाक सरकवा. सम्पमध्ये जिथे पाणी जोरात खळाळतं तिथे थेंब पडू द्या. हीटर आणि पंपाच्या तोंडाजवळ नको, तिथे पांढरं कवच चढतं. पीएच ८.५ च्या वर जाऊ देऊ नका.

ऋतूप्रमाणे हिशोब

वरचीच टाकी घ्या. मे महिन्यात रोज ३.५ लिटर पाणी उडतंय आणि ते सगळं निवळीने भरलं, तर अल्कलिनिटीत रोज २ डीकेएचची भर पडेल. खप ०.८ चा, म्हणजे आठवड्याच्या आत टाकी दुधाळ होणार. तेव्हा १.४ लिटर निवळी आणि २.१ लिटर साधं आरओ-डीआयचं पाणी. पाणी थंड ठेवायला सम्पवर पंखा लावला असेल तर बाष्पीभवन आणखी वाढतं. खोलीत कूलर सुरू असेल तर उलट, हवा दमट होऊन ते घटतं. कूलर ज्या दिवशी सुरू कराल त्या दिवसापासून पुन्हा मोजा.

पावसाळ्यात उडतंय ०.९ लिटर, मग निवळीही ०.९ लिटरच; जास्त घातली तर क्षारता उतरते. त्यातून ०.५ डीकेएच मिळेल. उरलेल्या ०.३ साठी रोज साधारण १.७ ग्रॅम खायचा सोडा आणि १.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, एक सकाळी, एक संध्याकाळी.

वीज गेली तर

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रिटर्न पंप (सम्पचं पाणी टाकीत चढवणारा) बंद पडतो, थेंब मात्र चालूच राहतात. सम्पच्या थोड्या पाण्यात चुना साचत जातो, आणि वीज आली की तो एका दमात टाकीत जातो. डोसिंग पंप (मात्रा मोजून सोडणारा) असेल तर तो आणि रिटर्न पंप एकाच बोर्डावर ठेवा. डोसिंग पंप इन्व्हर्टरवर आणि रिटर्न नुसत्या लाईनवर अशी जोडणी कधीच नको. सलाईनचा सेट असेल तर वीज जाताच चाक बंद करा. रात्री वीज जाण्याचा नेम नसेल तिथे दिवसा, घरात कुणी असताना, थेंब सोडा.

जास्त मात्रा जाऊन पाणी पांढरं झालंच तर निवळी थांबवा आणि एअर पंप जोरात लावा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली आणतो. पाणी स्वच्छ झाल्यावर आधी अल्कलिनिटी मोजा. खडू होऊन ती बरीच पडलेली असते, म्हणून अंदाजाने काही घालू नका.

चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच, डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. डोळ्यात गेला तर निदान १५ ते २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

डब्याच्या तळाचा गाळ कधीही टाकीत ओतू नका; पाण्यातले तांब्यासारखे धातू त्यात बसतात. दर काही दिवसांनी तो काढा. नळी आणि डोसिंग पंपाचं डोकं पंधरा दिवसांतून एकदा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, मग आरओच्या पाण्याने धुऊन परत लावा.