मीटिंगमध्ये उभं राहिलं की त-त-प-प होतंय? मग हे करून बघा

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पहिल्यांदा मंथली रिव्ह्यूमध्ये प्रेझेंटेशन द्यायची वेळ आली तेव्हा हातात लेझर पॉइंटर होता, आणि तो लाल ठिपका पडद्यावर असा काही नाचत होता की रिजेक्शनचा, म्हणजे नापास झालेल्या पार्टचा, ग्राफ राहिला बाजूला, सगळे ठिपकाच बघत बसले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं पण.

तर सुरुवात इथूनच. हात थरथरत असेल तर पॉइंटर घ्यायचाच नाही. ए-फोर कागद पण नको, तो फडफडतो. पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड घ्या. बाकी आपली छाती कितीही धडधडत असली तरी समोरच्याला त्यातलं फार कमी दिसतं, साविट्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांचा २००३ चा अभ्यास आहे यावर, ज्यांना भाषणाआधी एवढंच सांगितलं की तुमची घाबरगुंडी तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही, ते बाकीच्यांपेक्षा चांगलं बोलले. (पॉइंटर त्यांच्या हातात नसणार.)

आता तयारी. लॅपटॉप उघडायच्या आधी एकच वाक्य लिहा: माझं बोलून झाल्यावर या लोकांनी काय करायला हवंय? हे न ठरवता स्लाइड बनवायला बसलात की चौदा स्लाइड होतात आणि शेवटी कोणीतरी विचारतं, "मग करायचं काय?" मी आधी "नमस्कार, आज मी आपल्यासमोर मागील महिन्याच्या रिजेक्शनचा आढावा सादर करणार आहे" अशी सुरुवात करायचे, लोक मोबाईल काढायचे. आता थेट असं: "गेल्या महिन्यात बोअर ओव्हरसाइज झाल्यामुळे ३४० पीस स्क्रॅपला गेले, बहुतेक सगळे एकाच मशीनवरचे, आणि ते थांबवायला मला ते मशीन दोन दिवस बंद हवंय." (बोअर म्हणजे पार्टमधलं भोक, ते मापापेक्षा मोठं झालं की पार्ट भंगारात.) प्रॉडक्शनवाले लगेच मान वर करतात, भांडायला का होईना पण ऐकतात.

दुसरं म्हणजे पाठांतर नको. आपल्याला शाळेपासून ती सवय आहे, अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो, आणि मग एक शब्द हरवला की पुढची अख्खी गाडी रुळावरून खाली. फक्त पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य तोंडपाठ ठेवा, कारण सगळ्यात जास्त भीती पहिल्या मिनिटात असते. मधल्या भागासाठी कार्डावर चारच शब्द, मोठ्या अक्षरात, माझ्या त्या कार्डावर "३४०, बोअर, मशीन, दोन दिवस" एवढंच होतं.

मग उभं राहून, मोठ्याने, मोबाईलवर रेकॉर्ड करत बोला. मनातल्या मनात वाचणं म्हणजे प्रॅक्टिस नाही, तिथे कोणीच अडखळत नाही. मी पहिल्यांदा स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलं तर सहा मिनिटांत "काय आहे ना" एकोणीस वेळा. त्यावर उपाय साधा आहे, तो शब्द ओठावर आला की तोंड बंद ठेवायचं आणि गप्प राहायचं, आपल्याला ते दोन सेकंद युगासारखे वाटतात पण ऐकणाऱ्याला वाटतं बाई विचार करून बोलतेय.

पण एकदम रिव्ह्यू मीटिंगमध्ये उडी मारू नका, आधी छोट्या जागा शोधा. शिफ्ट सुरू होताना सुरक्षेवर पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक असतो ना, तो मागून घ्या, सुपरवायझर आनंदाने देईल. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन, त्या आठवड्यात बोलायला माणसं शोधत फिरतात. ऑफिसवाल्यांनी मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत एक तरी प्रश्न विचारायचा, उशीर केला की तोंड उघडणं आणखी जड जातं. टोस्टमास्टर्सचे क्लब पुण्या-मुंबईत भरपूर आहेत, लोकांसमोर बोलायचा सराव करून घेणारी, १९२४ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे ही, तिथे टेबल टॉपिक्स म्हणून प्रकार असतो, विषय आयत्या वेळी मिळतो आणि एक-दोन मिनिटं बोलायचं. तिथे "अं... अं..." मोजायला पण एक माणूस बसवलेला असतो, आधी राग येतो मग सवय होते.

इंग्रजीचं काय? मराठी मीडियमवाल्यांची खरी भीती हीच, माझीही होती. ज्यांच्यासमोर बोलायचंय त्यांना सरळ विचारा, "मराठी-हिंदी मिक्स चालेल का?" पुष्कळदा चालतं, नाहीतरी कामाचे शब्द सगळे इंग्रजीच असतात. कस्टमर बाहेरचा असेल तर छोटी छोटी वाक्यं करा, आणि ॲक्सेंटच्या नादी लागू नका.

त्या दिवशी दहा मिनिटं आधी जा, केबल लावून बघा, पाणी जवळ ठेवा. पोटात गोळा आला तर "शांत हो, शांत हो" असं स्वतःला बजावू नका, त्यापेक्षा "मला मजा येणारे" म्हणा, हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांचं भाषण शांत व्हायला बघणाऱ्यांपेक्षा सरस ठरलं होतं. बोलताना एक वाक्य एका माणसाकडे बघून, पुढचं दुसऱ्याकडे. लोक स्लाइडच वाचत बसले तर पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं B अक्षर दाबा, स्क्रीन काळी होते आणि सगळे तुमच्याकडे बघतात, परत दाबलं की स्लाइड परत. ब्लँक झालात तर पाणी प्या, कार्ड बघा, पुढचा शब्द घ्या. सॉरी म्हणायची गरज नाही.

आणि प्रश्नोत्तरं. उत्तर येत नसेल तर ठोकून देऊ नका, "हा आकडा आत्ता माझ्याकडे नाही, संध्याकाळी पाचपर्यंत मेल करते" म्हणा. आणि पाचला मेल गेलाच पाहिजे, आमचे प्लांट हेड पाच वाजून दहा मिनिटांनी फोन करतात.