शेततळ्याआधी खसरा: लहान शेतकऱ्याला सरकारी योजनेपर्यंत कसं न्यावं

इंदूरच्या आसपास लहान शेतकऱ्याला माती-पाण्याच्या योजना माहीत नसतात, असं अजूनही सांगितलं जातं. खोटं आहे. बलराम तालाब (मध्य प्रदेश सरकारची शेततळ्याची योजना) आणि स्प्रिंकलरचं अनुदान सांवेर-देपालपूरकडे पोरंसोरंही सांगतील. घोडं अडतं ते कागदात. त्यामुळे मदत करायची असेल तर जागृती शिबिराचा मंडप घालू नका. एक घर धरा आणि त्याचे कागद नीट करा. आधार, समग्र आयडी (राज्याचा कुटुंब-ओळख क्रमांक), बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घरात आहे असं इथे धरलं आहे.

योजना निवडणं सोपं आहे. विहीर किंवा बोअर असेल तर स्प्रिंकलर-ठिबक. केंद्राच्या नियमाप्रमाणे अल्प व सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के, इतरांना 45 टक्के, आणि मर्यादा 5 हेक्टरची. पाणी साठवायचं असेल तर बलराम तालाब: सर्वसाधारण शेतकऱ्याला 40 टक्के आणि अल्प-सीमांत शेतकऱ्याला 50 टक्के, दोघांनाही कमाल 80,000 रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला 75 टक्के, कमाल 1,00,000. शेवटच्या गटासाठी जातीचा दाखला डिजिटल हवा. जुना हाताने लिहिलेला असेल तर आधी लोक सेवा केंद्रात अर्ज टाका. सीमांत म्हणजे 1 हेक्टरपर्यंत, अल्प म्हणजे 2 हेक्टरपर्यंत. गावात सगळे बिघ्यात बोलतात. माळव्यात ढोबळमानाने 4 बिघे म्हणजे 1 हेक्टर, पण अर्जात खसऱ्यावरचाच, म्हणजे इथल्या जमिनीच्या उताऱ्यावरचाच आकडा लिहा.

आता खसरा. खरी मेहनत इथेच आहे.

कियोस्कवर (ऑनलाइन कागद काढून देणाऱ्या दुकानात) जाऊन सातबारा मागू नका, तो इथे नसतो. खसरा आणि बी-1 (खात्याचा उतारा) मागा, आणि काढताना या वर्षाचीच नक्कल काढा. मग एकच गोष्ट बघा: भूमिस्वामीच्या, म्हणजे जमीनमालकाच्या रकान्यात जिवंत माणसाचं नाव आहे का? लहान शेतकऱ्यांच्या खात्यांवर पुष्कळदा आजोबा असतात, नाहीतर वारलेला भाऊ. शेत तिसरी पिढी कसते आणि कागदावर पहिली पिढी बसलेली. अशा खात्यावर फॉर्म भरणं म्हणजे वेळ वाया घालवणं. कियोस्कवाला पैसे घेऊन भरून देईल, तो पडताळणीत पडेल, आणि शेतकरी म्हणेल की योजना आपल्यासाठी नसतेच.

उपाय फौती नामांतरणाचा. महाराष्ट्रात ज्याला वारस नोंद म्हणतात तीच. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची वंशावळ, शपथपत्र आणि आधारच्या प्रती घेऊन तहसीलला अर्ज करा आणि प्रकरण क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. पटवारी (इथला तलाठी) तोंडी ‘हो जाएगा’ म्हणाला, तर काहीही झालेलं नाही असं समजा. वाद नसेल तर भू-राजस्व संहितेच्या कलम 110 प्रमाणे प्रकरण नोंदल्यापासून 30 दिवसांत निकाल अपेक्षित आहे. वाद असेल तर 5 महिने. 30 दिवस उलटले तर क्रमांकासह 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार करा, किंवा मंगळवारच्या जनसुनवाईत कागद ठेवा. क्रमांक नसेल तर तक्रारीला पाय नाहीत.

वंशावळीतून बहिणींना वगळू नका. ‘त्यांचं लग्न झालंय, त्यांना काय करायचंय’ हा सल्ला गावात हमखास मिळतो. तो चुकीचा तर आहेच, महागही आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे; हरकत आली की 30 दिवसांचं प्रकरण 5 महिन्यांच्या रांगेत जातं. महू-मानपूरकडच्या भिल्ल कुटुंबांना मात्र हा कायदा थेट लागू होत नाही. तिथे रूढी काय आहे ते विचारून मगच लिहा.

खातं सामायिक असेल तर खसऱ्यावरचा हिस्सा वाचा. चार भावांच्या 2 हेक्टरमध्ये एकाचा हिस्सा अर्धा हेक्टर, आणि त्याची पात्रता तेवढ्यावरच ठरते. बाकीच्यांचं संमतीपत्र आधीच घेऊन ठेवा. भाऊ बोलत नसतील तर त्याच संहितेच्या कलम 178 खाली बंटवारा, म्हणजे वाटणी मागावी लागेल. त्याला वेळ लागतो, म्हणून त्या घराला या वर्षीची आशा दाखवू नका.

दुसरी खोच नावाची. मराठी घरांत ती जास्त, कारण आधारवर आपण नाव-वडील-आडनाव लिहितो आणि खसरा लिहितो ‘अमुक पिता तमुक’, आडनाव बहुधा गायब. आधारवर गणपतराव, खसऱ्यावर गणपत. इथे सुशीलाबाई, तिथे सुशीला. लग्न झालेली मुलगी आधारवर नवऱ्याच्या नावाने, खसऱ्यावर ‘पुत्री’. जो कागद हाताला लागेल तो दुरुस्त करत सुटू नका. आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. आधी एक रूप ठरवा, कागदावर लिहा. मग आधार, त्यानंतर समग्रचं ई-केवायसी (ते आधारवरूनच नाव उचलतं), शेवटी बँक. खसऱ्यातली चूक तहसीलकडूनच सुटते, तेव्हा जमलं तर खसऱ्याजवळचं रूपच निवडा.

बटाईदाराबद्दल दोन शब्द, कारण इंदूर शहरातल्या बऱ्याच मराठी घरांची जमीन कोणीतरी बटाईने कसतं. कसणाऱ्याच्या हातात लेखी काही नसेल तर सरकारदरबारी तो शेतकरीच नाही. राज्याच्या 2016 च्या बटाईदार कायद्याने साध्या कागदावर करार करता येतो, त्याची एक प्रत तहसीलदाराकडे जाते. करार केला की जमीन जाते, ही भीती घालणारे पुष्कळ. त्याच कायद्याने भूमिस्वामीचा हक्कही राखला आहे. जमीन तुमची असेल तर पुढाकार तुम्हीच घ्या, बटाईदार स्वतःहून मागणार नाही.

कागद जुळले की अर्ज अर्ध्या तासाचं काम आहे. मात्र ओटीपी शेतकऱ्याच्याच फोनवर आणि त्याच्यासमोर. पाइप विकणाऱ्याच्या हाती फोन देऊ नका.

मंजुरीचा आदेश हाती येईपर्यंत एक फावडंही मारू नका. आधी खोदलेल्या तळ्याला अनुदान नाही. मंजुरीनंतरही खोदाईचा खर्च आधी शेतकऱ्याने करायचा आणि अनुदान मोजणीनंतर यायचं. गरिबाच्या घरी योजना फसते ती या मधल्या काळात. अनुदानाच्या भरवशावर सावकाराकडून पैसे उचलायला सांगू नका, कारण पैसे येण्याची तारीख कुणाच्याच हातात नसते. तेवढी ऐपत नसेल तर या वर्षी स्प्रिंकलर, तळं पुढच्या वर्षी. पोकलेन काळ्या मातीत एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंतच चालतं, एक मोठा पाऊस पडला की रुतलंच. म्हणून कागद दसरा ते संक्रांत या काळात उरका. जागेवर आधी चाचणीचा खड्डा मारा. वरच्या थरातच मुरूम लागला तर तिथे पाणी टिकणार नाही, जागा बदलून घ्या.

पैसा आधारशी जोडलेल्या खात्यात येतो, पासबुक दाखवलेल्या खात्यात नाही. बँकेत ‘केवायसी झालं का’ विचारू नका, ‘आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे’ हे विचारा. कुठल्याशा जुन्या, बंद पडलेल्या खात्याला असेल तर शाखेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या आणि पावती खसऱ्याच्या नकलेसोबत एकाच पिशवीत ठेवा.