खोकं कुठवर पोहोचलं?

गुंतवणूक संशोधनात येण्याआधी चार वर्षं मी वायरलेस नेटवर्क बसवायचं काम केलं. शिडीवर चढून छताला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणारी खोकी, लावायचे, कुठल्या भिंतीपलीकडे सिग्नल पडतो ते मोजत फिरायचं. म्हणून अशी उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर घ्यावा का, हे तपासायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं, हे तर आपलंच मैदान. या क्षेत्राच्या अभ्यासाकडे वळणारे बरेच जण माझ्यासारखेच तांत्रिक बाजूने येतात, म्हणून तेव्हा झालेली चूक नीट सांगतो.

उपकरण उत्तम होतं. मी ते उघडून पाहिलं, गर्दीच्या सभागृहात चालवून पाहिलं. विक्री सलग पाच तिमाही वाढत होती. मी ‘घ्या’ असं लिहून दिलं. पुढच्या दोन तिमाहींत विक्री कोसळली आणि शेअर निम्म्यावर आला. उपकरणात काहीच खोट नव्हती. वितरकांची गोदामं तुडुंब भरली होती, आणि मी ती बाजू पाहिलीच नव्हती.

या धंद्यात माल कारखान्यातून वितरकाकडे जातो, तिथून नेटवर्क बसवणाऱ्याकडे आणि मग ग्राहकाच्या छताला. अनेक कंपन्या माल वितरकाच्या ताब्यात गेला की विक्री नोंदवून मोकळ्या होतात. म्हणजे नफातोटा पत्रकातली विक्री आणि प्रत्यक्ष छताला लागलेली उपकरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात कित्येक महिन्यांचं अंतर पडू शकतं. तेव्हापासून कुठलाही अहवाल हातात घेतला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खोकं आत्ता कुठे आहे?

उत्तराच्या खुणा ताळेबंदात सापडतात. आधी उधारी, म्हणजे विकलेल्या मालाचं अजून न आलेलं येणं बघा. समजा ९० दिवसांच्या तिमाहीत विक्री ९० कोटी आणि तिमाहीअखेर येणं ६० कोटी, तर पैसे यायला साधारण ६० दिवस लागतात. पुढच्या तिमाहीत विक्री १०० कोटी झाली, पण येणं ९५ कोटींवर गेलं, तर तेच दिवस ८५ च्या वर गेले. विक्री वाढल्याचा आनंद इथे थांबवायचा. तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यांत सवलत किंवा जास्त मुदत देऊन माल पुढे ढकलला असण्याची शक्यता असते. कारण दुसरंही असू शकतं, एखादा मोठा ग्राहक उशिरा पैसे देत असेल. पण ते कंपनीला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग कंपनीचा स्वतःचा साठा बघा, आणि तो तयार मालाचा आहे की सुट्या भागांचा हेही. त्यानंतर वार्षिक अहवालाच्या टिपांमध्ये खरेदीच्या बांधिलकीचा आकडा शोधा. यातल्या बऱ्याच कंपन्यांचे स्वतःचे कारखाने नसतात. त्या कंत्राटी उत्पादकाकडून माल बनवून घेतात आणि महिनोन्‌महिने आधी ऑर्डर देऊन बसतात. मागणी आटली तरी ती ऑर्डर पूर्णपणे मागे घेता येईलच असं नाही. ताळेबंदाच्या मुख्य पानावर हा आकडा दिसत नाही, आणि मी पहिल्या अभ्यासात तो वाचलाच नव्हता.

२०२१-२२ चा चिपटंचाईचा काळ यासाठी मुद्दाम अभ्यासावा. माल मिळायला महिने लागू लागले, तेव्हा ग्राहकांनी आणि वितरकांनी गरजेपेक्षा जास्त मागणी नोंदवली, कित्येकांनी तर एकच गरज दोन-दोन ठिकाणी. हातातल्या ऑर्डरींचे आकडे फुगले आणि ते भविष्यातल्या विक्रीची खात्री म्हणून वाचले गेले. पुरवठा सुरळीत झाल्यावर सगळा माल एकदम पोहोचला आणि २०२३ मध्ये नव्या ऑर्डरी आटल्या.

नव्या वायफाय पिढीबद्दलही असाच उत्साह असतो. वायफाय ६ चं प्रमाणन, म्हणजे उपकरण ठरलेल्या मानकाप्रमाणे चालतं याची अधिकृत पडताळणी, २०१९ मध्ये सुरू झालं, अमेरिकेने रेडिओलहरींच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले १२०० मेगाहर्ट्झ २०२० मध्ये वायफायसारख्या विनापरवाना वापरासाठी खुले केले, वायफाय ७ चं प्रमाणन २०२४ च्या जानेवारीत आलं. प्रत्येक वेळी ‘आता सगळे उपकरणं बदलणार’ अशी मांडणी होते. छताला लावलेला ॲक्सेस पॉइंट नीट चालत असेल तर संस्था तो वर्षानुवर्षं काढत नाहीत, हे मी शिडीवरून पाहिलं आहे. उलट नवी पिढी जाहीर झाली की खरेदी थांबते आणि गोदामातला जुना माल स्वस्तात काढावा लागतो. चिपबद्दल थोडक्यात इतकंच: क्वालकॉम, ब्रॉडकॉम, मीडियाटेक यांच्या चिप प्रतिस्पर्ध्यांनाही मिळतात, म्हणून नुसत्या वेगावर टिकाऊ आघाडी मिळणं अवघड.

मग पैसा टिकतो कशावर? मला वाटतं, सॉफ्टवेअरवर आणि माल विकण्याच्या पद्धतीवर. तरी इथेही सावध राहा. क्लाउडवरून नेटवर्क चालवणारी मेराकी सिस्कोने २०१२ मध्ये १२० कोटी डॉलरना घेतली. तशाच कल्पनेवर उभी असलेली एरोहाइव्ह २०१४ मध्ये १० डॉलरच्या भावाने शेअर बाजारात आली आणि २०१९ मध्ये एक्स्ट्रीम नेटवर्क्सने ती शेअरमागे ४.४५ डॉलर देऊन विकत घेतली. कल्पना योग्य असूनही त्या १० डॉलरच्या भावाने शेअर घेऊन शेवटपर्यंत थांबलेल्याचे निम्म्याहून जास्त पैसे गेले.

वायरलेस उपकरणं बनवणाऱ्या युबिक्विटीचा अभ्यास मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला करायला लावतो. संस्थापक रॉबर्ट पेरा यांनी विक्री अधिकाऱ्यांची फौज न ठेवता वितरक आणि वापरकर्त्यांच्या तोंडी प्रसारावर कंपनी वाढवली. खर्च कमी, नफ्याचं प्रमाण घसघशीत. पण मोजक्या माणसांत कारभार चालवण्याचा धोकाही याच कंपनीत दिसला: २०१५ मध्ये खोट्या ईमेलना फसून वित्त विभागाकडून ४.६७ कोटी डॉलर बाहेर गेले. शिवाय बहुतांश शेअर पेरा यांच्याकडेच आहेत, त्यामुळे इतर भागधारकांच्या मताला व्यवहारात वजन उरत नाही. हे दोष असूनही कंपनी चांगली असू शकते. मात्र किती भाव द्यायचा हे ठरवताना ते हिशेबात धरायला हवेत.

आकडे झाले की मी नेटवर्क बसवणाऱ्यांशी बोलतो. नियम आधी समजून घ्या: कंपनीच्या कर्मचाऱ्याला किंवा कुणालाही जाहीर न झालेले निकाल विचारायचे नाहीत, आणि कुणी आपणहून सांगितलेच तर व्यवहार न करता आपल्या संस्थेच्या अनुपालन विभागाला, म्हणजे नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्यांना, कळवायचं. मी विचारतो ते साधं असतं: मागवलेला माल किती दिवसांत येतो, सवलत वाढली का, मागच्या वर्षीचा माल अजून पडून आहे का? गेल्या खेपेला एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की पूर्वी चार महिने लागायचे, आता दुसऱ्या दिवशी माल दारात येतो. मी आणखी तिघांना विचारलं. उत्तर तेच आलं. म्हणजे टंचाई संपून माल गोदामात साठला असावा. त्या कंपनीची विक्री तेव्हाही वाढतच होती. मी अहवालात ‘थांबा’ लिहिलं आणि कारण म्हणून उधारीचे दिवस तक्त्यात मांडले.