बायबलच्या उताऱ्यावर मनन कसं करावं

‘मन रिकामं करा, श्वासाकडे लक्ष द्या, विचार आले की जाऊ द्या.’ ख्रिस्ती मनन शिकायला आलेल्या माणसाला अनेकदा एवढंच सांगून घरी पाठवतात, आणि तो काही दिवसांत कंटाळून सोडून देतो. मन शांत व्हावं हे खरंच, पण ख्रिस्ती मननात समोर कोणीतरी आहे. तो बोलतो, आपण ऐकतो आणि त्याला उत्तर देतो. पहिल्या स्तोत्रातला धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो ते परमेश्वराच्या नियमशास्त्राचं.

उलट, ध्यान किंवा मनन म्हटलं की ‘हे आपल्यातलं नाही’ म्हणून घाबरणारेही आहेत. त्यांनी उत्पत्तीचा २४वा अध्याय वाचावा. इसहाक संध्याकाळी रानात मनन करायला गेला होता. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांच्या दिनक्रमात वचनाच्या वाचनाला रोजचा वेळ राखून ठेवला. बाराव्या शतकात गीगो नावाच्या, कार्थुसियन या एकांतवासी मठसंघातल्या संन्याशाने या रीतीच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवाच्या सान्निध्यात नुसतं राहणं. मी त्याच क्रमाने सांगते.

वेळ आणि जागा रोज एकच ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. सुरुवातीला वीस मिनिटं पुरे. गुडघे टेका, खुर्चीत बसा, मांडी घाला. जे जमेल ते. एकदा ठीक बसलात की मात्र सारखी बैठक बदलू नका.

उतारा लहान आणि गोष्टीचा घ्या. पौलाच्या रोमकरांस पत्राने सुरुवात करू नका, त्यात युक्तिवाद आहे आणि डोकं लगेच त्याच्या मागे धावतं. मी नवख्या माणसाला मार्क १०:४६-५२ देते: यरीहोच्या वाटेवर भीक मागणारा आंधळा बार्तीमय. भाषांतर एकच, लहानपणापासून कानावर असलेलं. शेजारी दुसरं भाषांतर किंवा टीकाग्रंथ उघडलात की तो अभ्यास झाला. अभ्यास जरूर करा, पण दुसऱ्या वेळी.

दोनदा मोठ्याने, सावकाश वाचा. तिसऱ्यांदा ओठांतल्या ओठांत. जिथे मन अडकेल तिथे थांबा, पुढे वाचू नका. मोठं वचन शोधत बसू नका, एखादं साधं क्रियापदही चालतं. या उताऱ्यात मला नेहमी ‘थांबला’ हा शब्द धरून ठेवतो. येशू यरुशलेमेच्या वाटेवर आहे, पुढे काय वाढून ठेवलंय हे त्याला ठाऊक आहे, भोवती गर्दी आहे, आणि एका भिकाऱ्याच्या हाकेसाठी तो थांबतो.

आता मनन. बहुतेक जण इथे गळतात आणि मीही इथेच फार काळ अडखळले.

शब्द सापडला की मन त्याचा संदेश बनवायला लागतं. गर्दीने बार्तीमयाला गप्प बसायला सांगितलं, आपली मंडळीही (म्हणजे चर्चही) दीनदुबळ्यांना गप्प बसवते, यावरून तीन मुद्दे, शेवटी एक उदाहरण. संडे स्कूल घेणाऱ्यांना आणि घरगुती प्रार्थनासभा चालवणाऱ्यांना ही सवय सर्वांत जास्त जडलेली असते. मुद्दे चांगले असतात, म्हणून तर फसायला होतं. वीस मिनिटं संपतात, वहीत भर पडते, पण प्रभूशी एक शब्दही बोलणं झालेलं नसतं. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याने आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाच्या सुरुवातीलाच बजावलं आहे की पुष्कळ माहितीने आत्म्याचं समाधान होत नाही, आतून चव घेतल्याने होतं.

यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. ‘तो’ सोडा आणि ‘तू’ म्हणा. ‘मंडळी गरिबांना गप्प बसवते’ असं वाक्य मनात तयार होताना दिसलं की तिथल्या तिथे ते प्रभूकडे वळवा: ‘प्रभू, मी कोणाला गप्प बसवलं?’ ‘येशू थांबला’ याचं करा, ‘प्रभू, तू माझ्यासाठी थांबशील?’ मग उत्तर रचू नका. प्रश्न तसाच ठेवा आणि शब्दाकडे परत या. दहा मिनिटांत असं अनेकदा करावं लागेल. करा. मननाचं खरं काम हेच आहे.

दुसरी अडचण भटकण्याची. गॅस बंद केला का, मुलाची फी भरायची राहिली का. यासाठी स्वतःला रागवू नका, रागवण्यात आणखी पाच मिनिटं जातात. प्रार्थनेवर लिहिणारे बिशप संत फ्रान्सिस द साल म्हणतात तसं मनाला हळुवारपणे प्रभूपाशी परत आणून बसवा. आविलाची संत तेरेसा प्रार्थनेची मोठी गुरू, पण तिनेही लिहून ठेवलं आहे की काही वर्षं तिचं लक्ष तास कधी संपतो याकडेच असे. फारच ओढाताण झाली तर बार्तीमयाचीच हाक घ्या: येशू, माझ्यावर दया कर. पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांत जपली जाणारी, येशूचं नाव घेऊन पुन्हा पुन्हा दया मागण्याची ‘येशूनामाची प्रार्थना’ या हाकेच्या अगदी जवळची आहे.

तिसरी, कोरडेपणा. काहीच वाटत नाही, शब्द दगडासारखा पडून राहतो. अशा दिवशी लवकर उठू नका. इग्नेशियसचा सल्ला उलटा आहे आणि तो खरा आहे: ठरवलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसा. डोळ्यांत पाणी आलं तर मनन झालं, नाहीतर वाया गेलं, हा हिशेब मला मान्य नाही.

आणि एक ताकीद. मननात आलेला प्रत्येक विचार देवाचाच असतो असं नाही. ‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणून नोकरी सोडू नका, लग्न मोडू नका, कोणाला दोष देऊ नका. आधी तो विचार वचनाशी ताडून पाहा, आणि ज्यांच्या आध्यात्मिक समजुतीवर तुमचा विश्वास आहे अशा पाळकांशी, फादरांशी किंवा सिस्टरांशी बोला. एखादी जुनी जखम उघडून सहन होईनासं झालं तर मनन थांबवा आणि माणसांची मदत घ्या. डॉक्टरकडे जाणं हा विश्वासाचा अभाव नाही.

‘तू’ म्हणण्याची सवय झाली की प्रार्थना आपोआप सुरू होते. येशूने बार्तीमयाला विचारलं तसं तो तुम्हालाही विचारतो आहे की मी तुझ्यासाठी काय करू. मित्राशी बोलावं तसं सरळ सांगा. सुंदर भाषा लागत नाही.

मग दोन-तीन मिनिटं काहीही न मागता बसा. इथे शांती लाभणं न लाभणं आपल्या हातात नाही, ओढूनताणून आणू नका. येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ या प्रभूच्या प्रार्थनेने संपवा.

उठल्यावर लगेच कामाला लागू नका. काय भिडलं आणि कुठे नकोसं वाटलं, हे दोन ओळींत लिहा. दुसऱ्या दिवशी नवा उतारा काढायचा मोह होईल. काढू नका, बार्तीमयच पुन्हा घ्या आणि त्या दोन ओळींपासून सुरू करा. नकोसं वाटलेल्या ओळीपाशी जास्त वेळ थांबा. तिथे आणखी काही मिळेनासं झालं की उतारा बदला, मग त्याला चार दिवस लागोत की पंधरा.